मिक्सरला ग्राफिक इक्वलायझर कसा जोडायचा: छोट्या हॉलच्या लाइव्ह साउंडसाठी

मंडळाने किंवा भजनी ग्रुपने मिक्सर घेतला, कोणीतरी सांगितलं म्हणून सोबत ३१ बँडचा इक्वलायझर (जाड ते बारीक आवाजाचे ३१ भाग, प्रत्येकाला एक स्लायडर) पण घेतला, आणि आता तो खोक्यातून काढून समोर ठेवलाय पण कुठली वायर कुठे घालायची ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून एक नेहमीचा सेटअप धरू: १२ चॅनलचा साधा ॲनालॉग मिक्सर, दोन चॅनलचा ३१ बँड ग्राफिक इक्वलायझर, दोन पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले), गायकासमोर एक मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर), आणि दीडशे-दोनशे माणसं बसतील असा हॉल. भजन असो, एकांकिका असो नाहीतर गणपतीतला कार्यक्रम, जोडणी तीच राहते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ती कळली की वायर कुठे जाणार हे आपोआप कळतं. मिक्सरच्या प्रत्येक चॅनलवर हाय, मिड, लो असे नॉब असतात, ते त्या एका माईकचा किंवा वाद्याचा आवाज नीट करायला. ग्राफिक इक्वलायझर त्यासाठी नाही. तो हॉल आणि स्पीकर मिळून आवाजात जे जास्तीचं घालतात ते काढून टाकायला आहे, म्हणजे घुमणं, कर्कशपणा, आणि मुख्य म्हणजे शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून फिरत राहतो तेव्हा येते ती). हॉल सगळ्या माईकना सारखाच त्रास देतो, म्हणून इक्वलायझर सगळे माईक एकत्र झाल्यावर लागतो: मिक्सरच्या नंतर आणि ॲम्प्लिफायरच्या आधी. आणि प्रत्येक आउटपुटला वेगळा, कारण मेन स्पीकर एका जागी आहेत आणि मॉनिटर दुसऱ्या जागी, दोघांच्या शिट्ट्याही वेगळ्या.

आधी मागची बाजू बघा

मिक्सरच्या मागे किंवा वरच्या कडेला मेन आउट लेफ्ट-राइट असतं, बहुतेक वेळा एक्सएलआरमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला कॅनन म्हणतात तो तीन पिनवाला. त्याशिवाय ऑक्स सेंड (मेनपेक्षा वेगळं मिक्स बाहेर न्यायची वाट) असतात, कधी मोनो आउट असतं, आणि थोड्या बऱ्या मिक्सरवर इन्सर्ट लिहिलेली भोकं असतात. इक्वलायझरच्या मागे दोन चॅनलचे इनपुट आणि आउटपुट, कॅनन पण आणि मोठा जॅक पण. मोठा जॅक म्हणजे दुकानात पी-३८ म्हणून मागतात तो, सव्वा सहा एमएमचा.

हा जॅक दोन प्रकारचा येतो आणि इथेच बरीच जणं फसतात. एक काळी रिंग असलेला मोनो, दोन काळ्या रिंगा असलेला स्टिरिओ. मिक्सर आणि इक्वलायझर दोन्हीकडे बॅलन्स्ड सॉकेट (सिग्नलच्या दोन तारा आणि शील्ड, बाहेरचा गोंगाट कमी पकडणारे) असतील तर दोन रिंगवाला वापरायचा, किंवा सरळ कॅनन ते कॅनन. बॅलन्स्ड वायर ३०-४० मीटर ओढली तरी बिनघोर चालते, मोनो जॅकवाली साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की लाइटिंगचा, डिमरचा सगळा आवाज गोळा करते. पिन स्वतः सोल्डर करणार असाल तर कॅननमध्ये १ नंबर शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड, आणि जॅकमध्ये टोक हॉट, रिंग कोल्ड, मागचा भाग शील्ड. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे तयार केबलही मिळतात, पण लांबी मापून सोल्डर केलेली केबल टिकते जास्त आणि रॅकमध्ये गुंताही होत नाही, म्हणून मी तरी लोकांना सोल्डरिंग शिकायलाच सांगतो.

लेफ्ट-राइट की मेन-मॉनिटर?

दोन चॅनलचा इक्वलायझर बघितला की सगळे एक चॅनल लेफ्टला आणि एक राइटला लावतात. छोट्या हॉलला माझं मत वेगळं आहे. डाव्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला उजवा स्पीकर जेमतेम ऐकू येतो, त्यामुळे भजनात स्टिरिओचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा मेन मोनो ठेवा, इक्वलायझरचं पहिलं चॅनल मेनला द्या आणि दुसरं मॉनिटरला. शिट्टी जास्त करून मॉनिटरवरूनच येते आणि तोच नेमका बिन-इक्वलायझरचा राहतो.

मोनो आउट असेल तर मेनसाठी तेच घ्या. नसेल तर लेफ्ट आउट घ्या आणि सगळ्या चॅनलचे पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारे नॉब) मधोमध ठेवा, म्हणजे सगळे माईक लेफ्टमध्ये येतील. फक्त लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवणार असाल तर लक्ष ठेवा, स्टिरिओ चॅनलवर लावलेल्या लॅपटॉपची उजवी बाजू गायब होईल आणि कधीकधी त्यातच निम्मं म्युझिक असतं. अशा वेळी लेफ्ट-राइट एकत्र करणारा डीआय बॉक्स वापरा किंवा लॅपटॉपच्याच सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा.

जोडणी

सगळं बंद असताना जोडायचं. मिक्सर बंद, इक्वलायझर बंद, स्पीकर बंद.

मिक्सरच्या मेन आउटमधून वायर इक्वलायझरच्या पहिल्या चॅनलच्या इनपुटला. त्याच चॅनलच्या आउटपुटमधून वायर पहिल्या पॉवर्ड स्पीकरच्या लाइन इनपुटला. त्या स्पीकरच्या मागे लिंक किंवा थ्रू लिहिलेलं आउटपुट असतं, तिथून दुसऱ्या स्पीकरला. पॉवर्ड नसून वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर इक्वलायझरचं आउट ॲम्पच्या इनपुटला, आणि बेस-टॉप (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर) वेगळे असतील तर इक्वलायझरच्या पुढे क्रॉसओव्हर (दोघांचा आवाज वेगळा करून देणारं मशीन) आणि मग ॲम्प. मेनची बाजू झाली.

मॉनिटरसाठी मिक्सरवरचा एक ऑक्स ठरवा, समजा ऑक्स १, आणि तो प्री-फेडर (चॅनलच्या फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या, आधीच सिग्नल घेणारा) आहे ना ते बघा, शेजारी बटण असेल तर प्रीवर ठेवा. पोस्ट राहिला तर तुम्ही चॅनलचा फेडर वर-खाली केला की गायकाच्या मॉनिटरमध्ये पण आवाज वर-खाली होतो आणि गायक वैतागतो. ऑक्स १ सेंडमधून वायर इक्वलायझरच्या दुसऱ्या चॅनलच्या इनपुटला, आउटपुटमधून मॉनिटरला.

आता इन्सर्टचं. काही मिक्सरला मेन इन्सर्ट असतो, तिथे एकाच जॅकमधून सिग्नल बाहेर जातो आणि परत येतो. त्यासाठी वाय केबल लागते: एका टोकाला दोन रिंगवाला जॅक जो मिक्सरमध्ये जातो, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक. जॅकच्या टोकावरून येणारा मोनो जॅक इक्वलायझरच्या इनपुटला, रिंगवरून येणारा आउटपुटला. बहुतेक मिक्सरमध्ये असंच असतं, तरी मिक्सरवर सेंड-रिटर्नची खूण छापलेली असते ती एकदा बघा. उलटं लागलं तर बहुतेक आवाज येणारच नाही, तेव्हा दोन जॅकची अदलाबदल करून बघा. इन्सर्टची वायर अनबॅलन्स्ड असते म्हणून ती दोन मीटरच्या आतच ठेवा, रॅक मिक्सरला चिकटून असेल तरच हा मार्ग बरा. मेन आउटमधून जोडता येत असेल तर मी तेच करेन.

इथे मात्र जोडू नका

रिव्हर्ब-इको जोडतात तसा इफेक्ट सेंड आणि रिटर्नमध्ये इक्वलायझर जोडलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. आवाज येतो, स्लायडर हलवले की थोडा फरक पण पडतो, त्यामुळे वाटतं बरोबर आहे. पण तिथे मूळ आवाज सरळ मेनला जातच असतो आणि इक्वलायझरमधून आलेला त्याच्या जोडीला मिसळतो. तुम्ही एका बँडवर १२ डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) कापलं तरी मूळ आवाजात तो बँड तसाच आहे, दोन्ही सारख्या लेव्हलला असतील तर प्रत्यक्षात जेमतेम ४ डीबी कमी होतं, आणि शिट्टी मारायची ती मारतेच. इक्वलायझर नेहमी एका रांगेत, सगळा सिग्नल त्याच्यातूनच गेला पाहिजे.

दुसरं, ॲम्प्लिफायरच्या किंवा पॉवर्ड मिक्सरच्या स्पीकर आउटमधून इक्वलायझरमध्ये कधीही वायर घालू नका. तिथे स्पीकर हलवायची ताकद असते, इक्वलायझर जळेल. पॉवर्ड मिक्सर किंवा अहुजासारखा मिक्सर-ॲम्प्लिफायर असेल तर मागे प्री-आउट आणि अम्प-इन अशी जोडी आहे का शोधा, काही मॉडेलवर असते. प्री-आउट ते इक्वलायझर इनपुट, इक्वलायझर आउट ते अम्प-इन. ही जोडी नसेल तर त्या मशीनमध्ये बाहेरचा इक्वलायझर घालायची जागाच नाही, वेगळा मिक्सर पुढे लावूनच काम होईल.

तिसरं, इक्वलायझरचं आउटपुट मिक्सरच्या माईक इनपुटमध्ये परत घालू नका. माईक इनपुटला लाइनचा सिग्नल फार मोठा पडतो, आवाज फाटतो, आणि कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टचं फँटम चालू असेल तर ते उलटं इक्वलायझरच्या आउटपुटवर जातं.

चालू करताना आणि लेव्हल लावताना

आधी मिक्सर, मग इक्वलायझर, शेवटी स्पीकर किंवा ॲम्प. बंद करताना बरोबर उलटं, पहिला ॲम्प. नाहीतर इक्वलायझर चालू-बंद करताना जो धप्प आवाज येतो तो सरळ स्पीकरला बसतो आणि टॉपचे ड्रायव्हर त्यानेच उडतात.

इक्वलायझरचे सगळे स्लायडर शून्यावर, मधोमध खाच लागते तिथे. इनपुट गेनचा नॉब पण शून्यावर. बायपासचं बटण दाबलेलं नाही ना बघा, कारण ते दाबलेलं असलं तर आवाज व्यवस्थित येत राहतो आणि स्लायडर कितीही हलवले तरी काही होत नाही, मग माणूस वायरी तपासत बसतो. रेंजचं बटण असेल, प्लस-मायनस ६ की १२ असं, तर शक्यतो ६ वर ठेवा, त्यात बारीक काम करता येतं. कार्यक्रम चालू असताना मात्र त्या बटणाला हात लावू नका, तुम्ही लावलेली सगळी सेटिंग एका क्षणात दुप्पट किंवा निम्मी होते.

आता एक माईक उघडा, बोला, मिक्सरचं मीटर शून्याच्या आसपास नाचू द्या. इक्वलायझरचा लाल क्लिप लाइट लागता कामा नये. लागत असेल तर बघा इक्वलायझरच्या मागे किंवा पुढे प्लस ४ आणि मायनस १० असं बटण आहे का. मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट असेल तर प्लस ४ हवं, मायनस १० घरगुती ऑडिओच्या कमी लेव्हलसाठी असतं. मग बायपास दाबून-सोडून ऐका. स्लायडर सगळे शून्यावर आहेत म्हणजे दोन्ही वेळा आवाज तेवढाच यायला पाहिजे. तेवढाच आला की जोडणी आणि लेव्हल दोन्ही बरोबर.

शिट्टी काढणं

या कामाला घाई करू नका, प्रेक्षक यायच्या आधी अर्धा तास हाताशी ठेवा, आणि हॉलच्या आजूबाजूला कोणी असेल तर आधी सांगून ठेवा, कारण मुद्दाम शिट्टी आणायची आहे.

पण त्याआधी स्पीकर आणि माईकच्या जागा. मेन स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. एसएम५८ सारखा कार्डिऑइड माईक असेल तर मॉनिटर माईकच्या बरोबर शेपटीकडे ठेवा, तिथून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. सुपरकार्डिऑइड असेल तर बरोबर मागे नको, थोडा तिरका ठेवा. गायकाला माईकच्या जवळ यायला सांगा, अंतर निम्मं झालं की ६ डीबी फुकटात मिळतात. आणि ज्याची गरज नाही तो माईक बंद. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधी आवाज जेवढा वाढवता येतो तो ३ डीबीने कमी होतो, म्हणजे एकाचे चार माईक झाले की ६ डीबी गेले. हे सगळं इक्वलायझरच्या आधी करायचं, कारण चुकीच्या जागी ठेवलेला मॉनिटर ३१ स्लायडरनी पण सुधारत नाही.

मग मॉनिटरपासून सुरू करा, मेन खाली ठेवा. कार्यक्रमात जेवढे माईक उघडे असणार तेवढे सगळे उघडा, चॅनलवर लो-कट बटण (खालचा जाड आवाज कापणारं) असेल तर गायनाच्या माईकला ते दाबा. आता ऑक्स १ चा मास्टर हळू वर न्या. एका पॉइंटला आवाजाला शेपूट यायला लागते, हॅलो म्हटलं की शेवटी बारीक उंऽऽ राहतं. तिथेच थांबा, किंचाळेपर्यंत नेऊ नका. कुठला बँड आहे ते ओळखायचं आणि तेवढाच स्लायडर ३ डीबी खाली. परत मास्टर थोडा वर. परत दुसरी शिट्टी येईल, बहुतेक वेगळ्या जागी, ती पण ३ डीबी. तीच जागा पुन्हा आली तर अजून ३. असं तीन-चार, फार तर पाच बँडपर्यंत. त्यानंतर एकदम तीन-चार ठिकाणी एकत्र शिट्ट्या यायला लागतात, तेव्हा समजायचं की या हॉलमध्ये एवढाच आवाज निघणार. तिथून मास्टर ५-६ डीबी खाली आणा, तीच तुमची कामाची लेव्हल.

बँड ओळखायचा कसा, हा नवीन माणसाचा खरा अडथळा. सगळ्यात सोपं म्हणजे फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट ॲप, शिट्टी आली की उंच काडी दिसते आणि आकडा वाचता येतो. काही इक्वलायझरमध्ये ही सोय आतच असते, बेहरिंगरच्या एफबीक्यू सिरीजमध्ये शिट्टी आली की त्या बँडचा स्लायडरच चमकतो. पण भजनी मंडळात पेटी असतेच, आणि सुराचा कान असेल तर पेटीसारखं साधन नाही. मधल्या सप्तकातली पांढरी सहा साधारण ४४० हर्ट्झ. एक सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट, ८८०, मग १७६०, मग ३५२०. शिट्टीचा सूर पेटीवर जुळवा, कितव्या सप्तकात आहे ते बघा, आणि जवळचा स्लायडर पकडा, म्हणजे ४४० ला ४०० चा, ८८० ला ८०० चा. पेटीच्या वरची शिट्टी असेल तर खालच्या सप्तकात तोच सूर शोधून दुप्पट करत जा. हळूहळू कानालाच सवय होते. २०० ते ३०० ला घुमल्यासारखं, ऊऽऽ असं. १ किलोहर्ट्झ म्हणजे टीव्हीवर शब्द झाकायला जो बीप वाजवतात तो. अडीच ते चार किलोहर्ट्झ कानात सुई घुसल्यासारखं. सहा-आठच्या वर नुसती सूं.

मॉनिटर झाला की तो चालू ठेवूनच मेनचं पहिलं चॅनल असंच करा. मेनला बहुतेक दोन-तीन बँडमध्येच काम होतं.

त्यानंतर ओळखीचं एक रेकॉर्डिंग मेनवर लावा, ज्याचा आवाज तुमच्या कानात पक्का आहे असं, आणि हॉलच्या मधोमध, मग शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. फरशी, पत्रा, काचेच्या खिडक्या असलेल्या हॉलमध्ये २०० ते ४०० मध्ये गढूळपणा असतो, तिथे दोन-तीन डीबी कमी केले की शब्द बाहेर येतात. टाळ कानाला लागत असतील तर आधी टाळांच्या जवळचा माईक लांब करा, लगेच मेनचे वरचे बँड कापू नका, कारण तिथेच गायकाचे स, श, च स्पष्ट होतात आणि ते गेले की अभंगातले शब्द कळत नाहीत. पखवाजाचं पण तेच, त्याच्या चॅनलवरच्या लोने काम करा.

आणि दोन्ही टोकं वर, मधलं खाली, असा हसऱ्या तोंडाचा आकार करू नका. माणसाचा आवाज मधल्या भागातच राहतो, तोच काढून टाकला की नुसता धप-धप आणि चिसचिस उरते. ३ डीबी वाढवलं म्हणजे त्या बँडला ॲम्पला दुप्पट ताकद लावावी लागते, ६ ला चौपट, १२ ला जवळजवळ सोळापट. ४० हर्ट्झला १२ इंची टॉपमध्ये एवढं ढकललं तर बेस वाढत नाही, कोन हलतो आणि कॉइल तापते. कमी वाटत असेल ते वाढवण्यापेक्षा जास्त वाटतंय ते कापा आणि मास्टर थोडा वर घ्या.

घूंऽऽ आवाज येत असेल तर

इक्वलायझर जोडल्यावर हमिंग सुरू झालं तर घाबरू नका, बहुतेक अर्थिंगचा लूप असतो. आधी शोधा कुठून येतंय: स्पीकर खाली करा, इक्वलायझरचं इनपुट काढा, स्पीकर वर करा. हम गेला तर मिक्सरच्या बाजूचा प्रॉब्लेम, राहिला तर इक्वलायझर ते स्पीकरच्या मध्ये. पहिला उपाय, मिक्सर, इक्वलायझर आणि स्पीकर सगळ्यांना एकाच पॉइंटवरून लाइट द्या, लाइटिंगवाल्याच्या डिमरपासून वेगळा. दुसरा, मोनो जॅकच्या वायरी काढून बॅलन्स्ड लावा. तिसरा, मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ऑडिओची वायर आणि लाइटची वायर शेजारी-शेजारी पळवू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका किंवा टेप लावून झाकू नका. हम जातो हे खरं, पण मग मशीनमध्ये काही बिघडलं तर करंट थेट माईकच्या जाळीवर येतो आणि माईक गायकाच्या ओठाला लागलेला असतो. मंडपात, ओल्या जमिनीवर, अनवाणी उभ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी ऐकायचं नाही.

डिजिटल मिक्सर असेल तर

बेहरिंगर एक्सआर१८ किंवा साउंडक्राफ्ट यूआय१६ सारख्या मिक्सरमध्ये मेन आणि ऑक्सच्या आउटपुटवर ३१ बँड ग्राफिक आतच असतो, त्याला बाहेरचा जोडायची काहीच गरज नाही, वायरी वाचतात आणि हम पण. शिट्टी काढायची पद्धत वर सांगितली तीच, फक्त चॅनलचा इक्यू उघडलाय की आउटपुटचा हे स्क्रीनवर नीट बघून हात लावा, आणि हॉलच्या नावाने सीन (सगळी सेटिंग एकत्र) सेव्ह करून ठेवा. ॲनालॉगवाल्यांनी सेटिंगचा फोनवर फोटो काढा आणि स्लायडरवर झाकण किंवा पारदर्शक पट्टी लावून टाका, कार्यक्रमात कोणाचा तरी हात लागतोच.